नाळेने उतरायचं नाही

मला कुणी विचारलं की तुझ्या नवऱ्यात खोट काय, तर मी एका दमात सांगेन: त्याला त्याच्या दादापुढे तोंड उघडता येत नाही. बाकी माणूस लाखात एक. इथे जपानात, सेंदाईच्या विद्यापीठात बर्फावर संशोधन करतो, परिषदेत उभा राहून भल्याभल्यांना गप्प बसवतो, घरी माझ्याशी कुठला कचरा कुठल्या पिशवीत यावरून तासभर वाद घालतो. पण विनायकदादा समोर आले की हा पंचेचाळिशी उलटलेला जगदीश एकदम चौथीतला जग्या होतो. मान खाली आणि 'हो दादा'.

त्याला कारण आहे, नाही असं नाही. माझे सासरे लवकर गेले. दादा याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. कॉलेज सोडून त्यांनी नोकरी धरली, याला शिकवलं, आणि दर रविवारी पाठीवर सॅक देऊन डोंगरात नेलं. पुण्यात दादांचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. साठी आली तरी माणूस अजून घाटवाटा तुडवतो आणि अर्धं पुणे त्यांना 'सर' म्हणतं. त्यांच्या शब्दावर लोक कड्यावरून दोर सोडतात. मग सख्ख्या धाकट्या भावाची काय बिशाद?

तर हे दादा ऐन फेब्रुवारीत आमच्याकडे आले. मी म्हटलं, "अहो दादा, एप्रिलमध्ये या, फुलं बघायला मिळतील." तर म्हणाले, "फुलं काय, पुण्यातही आहेत. मला बर्फाचा डोंगर दाखवा." म्हणून आम्ही तिघं यामागाताच्या बाजूच्या एका डोंगरावर गेलो. बेत सोपा होता. रोपवेने वर जायचं, बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली पसरट स्नोशू बांधून धारेवरून चालायचं आणि पलीकडच्या सोंडेने गरम पाण्याच्या कुंडांच्या गावात उतरायचं. संध्याकाळी कुंडात डुंबायचं, या आशेवर मी तयार झाले होते. नाहीतर थंडीशी माझं हाडवैर आहे.

सकाळी वर पोचल्यावर जगदीशने त्याचा नेहमीचा उद्योग केला. फावड्याने छातीएवढा खड्डा खणला आणि बर्फाची उभी भिंत आम्हाला दाखवली. वरचा जाड थर वाऱ्याने आणून ठोकून बसवलेला, पांढराशुभ्र, घट्ट. त्याच्याखाली बोटभर उंचीचा एक करडा पट्टा होता. त्याने तो बोटांनी खरवडून माझ्या हातमोज्यावर टाकला. हुबेहूब जाड रवा. एकाचं दुसऱ्याला चिकटत नव्हतं.

"खाली रवा, वर फरशी," जगदीश म्हणाला. "फरशीवर वजन पडलं की सगळी लादी एकदम सुटते." मग त्याने बर्फाचा एक चौकोन कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवून मनगटाने हलकेच थापटलं. चार थापांत वरचा अख्खा ठोकळा घसरून त्याच्या मांडीवर आला.

"आज वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर पाऊल टाकायचं नाही," तो म्हणाला. "वारा सगळा बर्फ उचलून तिकडेच नेऊन टाकतो. धार सोडायची नाही आणि सोंडेनेच उतरायचं."

"वा, प्रोफेसर!" दादा म्हणाले. त्यांनी खड्ड्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. गाडलं गेलं तर शोधता यावं म्हणून जगदीशने आम्हा दोघांच्या गळ्यात एकेक यंत्र अडकवलं, तेव्हा मात्र दादा हसले. "ताईत घातला की भीती जाते म्हणतात."

दुपारपर्यंत मजेत गेलं. मग वारा उठला. असा वारा मी जन्मात पाहिला नव्हता. गाल सोलून निघाल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. दादांचे पाय गार पडले होते. इथले भाड्याचे बूट त्यांना पटले नव्हते. "या बुटांनी माझा हरिश्चंद्रगड झालाय," असं म्हणून ते पुण्याहून आणलेलेच बूट, आत दोन-दोन सुती मोजे चढवून, घालून आले होते. आता मोजे ओले झाले होते. सोंड अजून लांब होती आणि ती सगळी वाऱ्यावर.

तेवढ्यात दादा थांबले आणि उजवीकडे खाली काठी दाखवली. दोन उतारांच्या मधून एक रुंद, गुळगुळीत घळ सरळ खाली गेली होती. खाली, पांढऱ्या धुरात, गावातल्या कुंडांची वाफ दिसत होती.

"ही बघ नाळ," दादा म्हणाले. "थेट गावात उतरते. आणि बघ, वारासुद्धा नाही हिच्यात."

सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वाट चुकली, अंधार व्हायला आला, की कड्यावर घोटाळायचं नाही, नाळ धरायची आणि ओढ्याच्या कडेने उतरायचं. खाली पाणी, पाण्याकाठी वस्ती. दादांनी कितीतरी वाट चुकलेल्या लोकांना असं घरी आणलं होतं. जगदीशलाही हे त्यांनीच शिकवलं होतं, हाफ चड्डीत असताना.

"दादा, पण वारा नाही म्हणजेच तिकडे..." जगदीश म्हणाला.

"जग्या, मी आहे ना."

झालं. तोंड मिटलं. मी वाऱ्यात ओरडले, "जगदीश, सकाळी काय म्हणालास तू? फरशी आणि रवा काय म्हणालास?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग दादांच्या पायांकडे, आणि म्हणाला, "निदान एकेक जण उतरूया, अंतर ठेवून." त्यावर दादा म्हणाले, "धुक्यात कधी एकमेकांना सोडायचं नसतं." आणि आम्ही तिघं, एका माळेत, हाताच्या अंतरावर, त्या नाळेत उतरलो. मला इतका राग आला होता की भीती वाटायचंही राहून गेलं.

फार खाली गेलो नाही. पायाखाली एकदम 'धप्प' असा आवाज झाला, जाड गादी वरून टाकावी तसा, पण जमिनीच्या पोटातून. आम्ही उभे होतो तो सगळा बर्फ बोटभर खाली बसला. मी वर बघितलं. आमच्या डोक्याच्या वर, नाळेच्या या काठापासून त्या काठापर्यंत, एक काळी रेघ सरसर ओढली गेली. भेग.

"हलू नका," जगदीश म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

बाजूलाच, नाळेच्या मधोमध, थोडा उंचवटा होता आणि त्यावर बुनाची, म्हणजे इथल्या डोंगरातल्या बीच वृक्षाची, तीन जुनी झाडं होती. कवेत न मावणारे करडे बुंधे. जगदीशने आम्हाला एकेक करून, पाऊलसुद्धा न आपटता, तिथे नेलं. तो झाडांकडे वर बघत होता. "वरच्या बाजूच्या फांद्या शाबूत आहेत," तो म्हणाला. "म्हणजे आजवर सुटलेला बर्फ इथे दोन्ही बाजूंनी फुटून गेलाय. इथेच थांबायचं."

आता बघा आमची गत. वर जावं तर भेगेतून जायचं, म्हणजे सुटायला टेकलेल्या लादीला लाथ घालायची. खाली जावं तर नाळ निमुळती होत गेलेली. वरून सुटलं की सगळं तिथेच साठणार आणि आपण तळाला. डावीकडे तोच उतार, उजवीकडे तोच. तीन झाडांच्या बुंध्याशी आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा, तेवढी आमची. आणि त्यावर बर्फ पडायला लागला.

फोन मी लावला. जगदीशचं सगळं काम इंग्रजीत चालतं. मी इथल्या पाळणाघरात नोकरी करते, त्यामुळे जपानी माझंच बरं. पोलिसांच्या माणसाने शांतपणे सगळं विचारून घेतलं. या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, बचावपथक अंधारात त्या घळीत उतरणार नाही, उजाडल्यावर धारेवरून येतील. तोवर जागा सोडू नका, असं तो तीन वेळा म्हणाला. शेवटी, आपण 'वहिनी' म्हणावं तसं, म्हणाला, "ओकुसान, सगळ्यांना एकत्र ठेवा." मी 'हो' म्हणाले आणि फोन बंद करून आतल्या खिशात ठेवला. आमची तन्वी कोबेला शिकते. तिला कळवावं असं हजारदा मनात आलं. पण काय कळवणार? आई-बाबा झाडाखाली बसलेत?

मी मराठीत सांगितल्यावर दादा म्हणाले, "रात्रभर? इथे?"

"हो, दादा."

"वेडे आहेत का हे? गाव समोर दिसतंय."

दिसत होतंच. तेच तर वाईट होतं. वारा जरा पडला की खालचे दिवे दिसायचे. कुठल्यातरी हॉटेलच्या पायरीवर कुणीतरी बर्फ ओढत होतं, इतकं स्पष्ट. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटायचं. जगदीश फावड्याने झाडामागे खोबण खणत होता, आम्हाला तिघांना चिकटून बसता येईल अशी. मी सॅक उलट्या करून बूड टेकायला आसन केलं. खायला शंकरपाळी होती आणि कोपऱ्यावरच्या कॉनबिनी दुकानातून घेतलेले दोन ओनिगिरी, भाताचे गोळे. ते दगडासारखे झाले होते. आम्ही ते चघळले.

दादांना बसवत नव्हतं. उठत होते, बसत होते. सह्याद्रीत या माणसाला मी कधी असं पाहिलं नाही. तिकडे ते सगळ्यांना हसवत बसतात. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. बूट काढून मोजे पिळायचा प्रयत्न केला तर बोटं पांढरीफटक दिसली. मी म्हटलं, "दादा, बूट घाला." त्यांनी माझं ऐकलं, पण चेहरा बघवत नव्हता.

उजेड कमी व्हायला लागला तसे ते उभे राहिले.

"जग्या, मी जातो खाली. तुम्ही दोघं बसा. मी माणसं घेऊन येतो."

जगदीश फावडं हातात धरून तसाच थांबला.

"मघापासून काही सुटलंय का? तासन् तास बसलोय. ती भेग आहे तिथेच आहे. आणि माझे पाय चाललेत, कळतंय का तुला? इथे बसलो तर पाय जाणार. चाललो तर रक्त फिरेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. पायांचं तर खरंच होतं. माझ्याही मनात क्षणभर आलं, की खरंच, काही झालं नाहीये, जाऊया. ते दिवे तसं करतात माणसाचं. मी जगदीशकडे बघितलं आणि माझा संयमच संपला. "अरे, बोल की! मुखदुर्बळा, आता नाही बोललास तर कधी बोलणार? ते गेले तर तू मागे जाणार आणि मी इथे झाडाला मिठी मारून बसू का?"

"दादा," जगदीश म्हणाला. बस. पुढे शब्द नाही. मला त्या क्षणी त्याला बदडावंसं वाटलं.

दादांचे स्नोशू झाडाला टेकवून ठेवले होते. त्यांच्याशिवाय त्या भुसभुशीत बर्फात माणूस कमरेपर्यंत रुततो, दहा पावलं जाऊ शकत नाही. दादा ते घ्यायला वाकले. जगदीशने फावडं टाकलं, त्यांच्या आधी एक स्नोशू उचलला आणि सगळा जोर लावून नाळेत फेकून दिला.

तो लांब जाऊन पडला, घसरला, गोल गोल फिरत खाली गेला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, आता सुटणार, आता वरून सगळं येणार. काही आलं नाही. कण हलला नाही. नाळ जशीच्या तशी पडून होती.

दादा वळले आणि त्यांनी जगदीशच्या थोबाडीत मारली.

हातमोजा होता म्हणून लागलं कमी, पण आवाज मोठा झाला. दोन्ही कानांपर्यंत टोपी ओढलेला, चष्म्यावर बर्फ साचलेला माझा नवरा, साठीतल्या भावाच्या हातचा मार खाऊन उभा. मी किंचाळले, "दादा!" जगदीशने मला हाताने थांबवलं.

"मार," तो म्हणाला. "अजून मार. पण जायचं नाही."

एका पायात स्नोशू घालून दादा कुठे जाणार? ते खाली बसले, आमच्याकडे पाठ करून.

मग जगदीश त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. दादांनी पाय ओढून घेतला. त्याने परत धरला. बूट काढले, ओले मोजे काढले, स्वतःचं जाकीट, आतला स्वेटर, बनियन सगळं वर केलं आणि ते दोन गार पाय आपल्या उघड्या पोटावर घेतले. वरून सगळं पांघरलं. त्याच्या तोंडून एक 'आई गं' निघालं, तेवढंच. मी दोघांच्या मागून माझं अंग चिकटवलं आणि ते ओले मोजे माझ्या काखेत घातले, वाळतील म्हणून.

ती रात्र मी सांगणार नाही. सांगण्यासारखं काही झालंच नाही, हेच तिचं वाईट होतं. बर्फ पडत राहिला. आम्ही एकमेकांना झोपू दिलं नाही. कुठे काही करकरलं की तिघंही झाडाला धरायचो. दादा एक अक्षर बोलले नाहीत आणि जगदीशने पाय एकदाही खाली ठेवले नाहीत. मी आळीपाळीने घेते म्हटलं तर म्हणाला, "नको, माझं पोट मोठं आहे." तेव्हा मी हसले, आणि हसता हसता रडले.

उजाडलं तेव्हा वारा पूर्ण पडला होता. धारेवर लाल जाकिटं दिसली. त्यांनी वरच्या झाडाला दोर बांधले, भेगेच्या बाजूने एका माणसाला सोडलं आणि आम्हाला एकेक करून, मध्ये भरपूर अंतर ठेवून, वर खेचून घेतलं. तेव्हाही काही सुटलं नाही. दादांना स्ट्रेचरवरून नेताना मी मागे वळून बघितलं. नाळ उन्हात चकाकत होती, अशी निरागस की लाज वाटावी. आपण उगाच बसलो का, असं मलाही वाटून गेलं.

दोन आठवड्यांनी जगदीश आणि मी मिठाईचे खोके घेऊन त्या गावात गेलो, पथकातल्या एकेकाच्या दारात जाऊन कमरेत वाकलो. इथली तशी रीत आहे. जाताना बसमध्ये मी जगदीशला विचारलं, "खरं सांग. आपण उतरलो असतो तर सुटली असती का ती?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

"असं काय? तुझा विषय आहे ना?"

"म्हणूनच सांगतोय. कदाचित सुटली असती. कदाचित तिघंही गावात जाऊन चहा पीत बसलो असतो. आता कधीच कळणार नाही, अबोली."

दादांच्या डाव्या पायाची दोन बोटं पुण्याला गेल्यावर काढावी लागली. फोनवर ते माझ्याशी बोलायचे, तन्वीची चौकशी करायचे. 'जग्याला दे' असं म्हणायचे नाहीत. तोही फोन मागायचा नाही, स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचा.

परवा त्यांच्या ग्रुपमधल्या कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. ट्रेकला जायच्या आधीची सभा. दादा खुर्चीत बसलेले, पाय स्टुलावर, समोर दहा-पंधरा तरुण मंडळी. दादा रंगात आले होते. "आमचे धाकटे बंधू, बर्फाचे मोठे प्रोफेसर! घाबरले, आणि माझा स्नोशू दिला फेकून. रात्रभर मला झाडाखाली बसवलं. आणि ती नाळ? सकाळपर्यंत खडासुद्धा हलला नाही! तासाभरात गावात असतो, ही दोन बोटं शाबूत असती." सगळे हसले. पोटावर पाय घेतल्याचं अवाक्षर नाही. थोबाडीत मारल्याचंही नाही.

माझं डोकं फिरलं. "आत्ताच्या आत्ता फोन लावते. चारचौघांत तुझी अशी उडवतात? काय केलंस तू त्यांच्यासाठी, सांगते सगळ्यांना! बघतेच मी."

जगदीशने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं बंद करेल. त्याने तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, डायनिंग टेबलवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसला. दादा परत हातवारे करून सांगायला लागले. लोक परत हसले. जगदीश गालावर हात ठेवून बघत होता.

"अरे, ऐकतोस काय परत परत? तो माणूस तुझी बदनामी करतोय!"

"करू दे गं," तो म्हणाला. "बोलतोय ना."